पायाशी ओल

ओल पहिल्यांदा हाताला लागली, पायाला नाही.

बाब अल बहरीनच्या बाजारातून लाईबाच्या युनिफॉर्मचं कापड घेऊन आम्ही झिंजला, घरी परतलो होतो. शुक्रवारचा दिवस, ऑगस्टचा उकाडा. उबेद, माझा मुलगा, डिकीतून पिशव्या काढत होता. सून अल्फिया मागच्या सीटवर झोपलेल्या लाईबाला खांद्यावर घेत होती. मी पुढच्या सीटवर. पुढची सीट माझी. नवीन असताना सुनेने एकदा तिथं बसून बघितलं होतं. मी दार उघडून नुसती उभी राहिले, ती आपण होऊन मागे गेली. त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघालेला नाही.

तर चप्पल सरळ करायला मी वाकले आणि हात मोज्याला लागला. मोजा ओला. सलवारीचा काठ ओला. खालचं कार्पेट दाबलं तर बोटांमधून पाणी वर आलं. पिवळट, चिकट. हात नाकाशी नेला.

गोड वास.

मला सासू आठवली.

माझी सासू साखरेच्या आजाराने गेली. आमच्या गावात तेव्हा डॉक्टर कुठला? न्हाणीच्या दगडावर मुंग्या जमायला लागल्या आणि शेजारणीने सांगितलं, कनीज, तुझ्या सासूची लघवी गोड झालीय. मग अंगठा काळा पडला. मग गुडघ्याखाली पाय कापला. घरातल्यांनी तिची खाट मागच्या पडवीत हलवली, वास येतो म्हणून. ज्या बाईच्या आवाजाने गडी चळचळा कापायचे, ती बाई पडवीत पडून हाका मारायची आणि घरात सगळे आपापल्या कामात असायचे.

गाडीचं पाणी असेल हे मला सुचलं नाही का, असं कोणी विचारेल. मी चौथीपर्यंत शिकले, पण मला डोळे आहेत. गाडीचं पाणी बॉनेटखाली असतं. एसीचं पाणी बाहेर रस्त्यावर ठिबकतं, आणि त्याला ना रंग ना वास. गाडीच्या आत, माणसाच्या पायाशी, गोड वासाचं पिवळं पाणी कुठून येणार? त्यात मागच्या महिन्यात जिन्यावर खोकल्याची उबळ आली तेव्हा माझं थोडं सुटलं होतं. मी कोणाला बोलले नव्हते. सीट रेक्झिनची, घामाने कायम ओलीच. तिच्यावरून ओघळून खाली गेलं असणार, आणि मला कळलंही नाही. कळलं नाही, हीच तर भीती.

"अम्मी, उतर ना," उबेद म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे. माझा दरूद पढायचा अर्धा राहिलाय, पुरा करून येते."

ते लिफ्टकडे गेले. मी डोक्यावरची ओढणी काढली आणि कार्पेट पुसलं.

त्या दिवसापासून माझा एक चोरधंदा सुरू झाला. जुना टॉवेल फाडून त्याचा अर्धा तुकडा मी पर्समध्ये ठेवू लागले. गाडीतून उतरायची वेळ आली की माझा दरूद अर्धा राहिलेला असायचा. सगळे वर गेले की वाकून टॉवेल दाबायचा, पिळायचा, परत दाबायचा. वर आले की आधी सलवार बदलायची, मग वजू, मग नमाज. नमाजात मन लागेना. मी पाक आहे का नापाक, हेच मला ठाऊक नाही, तर अल्लासमोर उभी राहू कशी? सजद्यात गेले की नाक आपोआप वास शोधायचं.

"अम्मी, रोज एवढे कपडे?" अल्फियाने एकदा विचारलं.

"माझे कपडे मी धुते. तुझे हात झिजले काय?"

"तसं नाही. तुम्ही दमता म्हणून—"

"दमायला मी काय तुझ्यासारखी ऑफिसात बसते?"

ती आत निघून गेली. मला बरं वाटलं नाही, पण विषय मिटला हे बरं झालं.

पाणी प्यायचं मी सोडलं. बहरीनचा ऑगस्ट, बाहेर पाय ठेवला की अंगावर ओली गोधडी पडल्यासारखं होतं, आणि मी सकाळी एक कप चहा, दुपारी दोन घोट पाणी, बस. ओठ फुटले. उठताना भिंती हलायच्या. आणि तरी गाडीतून उतरताना हात खाली घातला की ओल असायचीच. प्यायलेलं नाही ते येतंय कुठून, असा विचार माझ्या मनात यायला हवा होता. पण घाबरलेला माणूस विचार करत नाही, हिशेब लावतो, आणि सगळे हिशेब माझ्याच अंगावर निघत होते.

टॉवेल मी मागच्या गॅलरीत वाळत घालायचे. एका संध्याकाळी लाईबा तिथून ओरडली, "दादी, कम सी! अँट्स!"

टॉवेलवर मुंग्यांची रांग लागली होती. मी तिला आत ढकललं, दार लावलं, आणि बादलीवर बसून राहिले. किती वेळ ते माहीत नाही.

त्याच दिवसांत आमची गाडी पाणी प्यायला लागली होती. पांढरी जपानी गाडी, लाईबाच्या दुप्पट वयाची. उबेद सकाळी रेडिएटर भरायचा, संध्याकाळी पाणी कमी. शिवदासला बोलावलं. शिवदास आमच्या खाडीपलीकडचा, गुहागरचा. सलमाबादला गॅरेजात कामाला. माणूस मेहनती, पण तोंडाला झाकण नाही. त्याने आधी रेडिएटरचं झाकण बदललं. मग वरचा पाइप. नवं हिरवं कुलंट घातलं. पाणी जायचं ते जातच राहिलं, आणि उबेद वरून साधं पाणी ओतत राहिला. शेवटी शिवदासने रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवायला सांगितला आणि सकाळी बघायला आला. मी तेव्हा खाली भाजीवाल्यापाशी होते.

"उबेदभाय, पुठ्ठा कोरडा. एक थेंब नाही."

"मग पाणी जातं कुठे?"

"बाहेर पडत नाही म्हणजे आत जातंय. इंजिन पितंय. हेड गॅसकेट गेलं असेल. इंजिन खोलावं लागणार."

"शिवदास," मी म्हणाले, "तू झाकण बदललंस, पाइप बदललास, आता इंजिन खोलतोस. पुढच्या आठवड्यात सांगशील गाडीला दिवस गेलेत."

तो हसला. "चाची, तुम्ही माझ्या सासूपेक्षा डेंजर. बरं, तुम्हीच सांगा. पुढच्या सीटवर तुम्ही बसता. कधी पायाशी ओल लागते? गोड गोड वास?"

माझ्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

हा माणूस चारचौघांत, भाजीवाल्यासमोर, माझ्या मुलासमोर, मला हे विचारतोय! ह्याला कसं कळलं? उबेदने सांगितलं? उबेदला कळलंय?

"कसली ओल?" मी म्हणाले. "लाज नाही वाटत? आईच्या वयाच्या बाईला काय विचारावं?"

"अहो, मी गाडीचं—"

"कोरडं ठाक आहे. हात लावून बघ!"

त्याने दार उघडलं, कार्पेटवर हात फिरवला. कोरडंच होतं, आदल्या संध्याकाळी मीच टिपलेलं. वरून मी पंखा मारला होता, लाईबाच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकाने. "खरंच कोरडं आहे," तो म्हणाला. "मग हीटरचं काही नाही. हेड गॅसकेटच."

तो हीटर म्हणाला ते माझ्या कानांवरून गेलं. मला एवढंच ऐकू आलं की मी सुटले.

त्या संध्याकाळी जेवताना उबेद म्हणाला, "अम्मी, तुझा व्हिसा रिन्यू करायचाय. त्याच्या आधी गावाला जाऊन येतेस का थोडे दिवस? चेहरा किती उतरलाय तुझा. तिकडे हवा बदलेल."

मी अल्फियाकडे बघितलं. ती ताटात बघत होती.

"कोणी सुचवलं हे?"

"कोणी नाही. मलाच वाटलं."

मला पडवी दिसली. "बघू," मी म्हणाले. माझ्या तोंडून 'बघू' हा शब्द त्या घरात कोणी ऐकला नव्हता. उबेदचा घास हातात राहिला.

पुढच्या गुरुवारी अदलियाला उबेदच्या ओळखीच्यांकडे बाळाच्या अकीक्याचं जेवण होतं. मी नको म्हणणार होते. पण घरी राहिले तर घरात बसवून ठेवण्याजोगी बाई झाले असं म्हणतील, म्हणून गेले. बिर्याणी खाल्ली, पाणी प्यायले नाही. असरच्या नमाजनंतर परत निघालो. उबेद म्हणाला, तसंच सलमाबादला जाऊ, गाडी शिवदासकडे सोडू, आपण टॅक्सीने घरी.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. उबेदने एका पेट्रोलपंपावर गाडी घेतली, तिथल्या फोनवरून शिवदासला फोन केला आणि घाम पुसत परत आला.

"तो म्हणतो एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर फुल सोडा."

"हीटर?" मी म्हणाले. "ह्या दिवसांत? त्याने काय घेतलंय का?"

"इंजिनाची गरमी हीटर आत ओढून घेतो, अम्मी. काटा खाली येतो. हळूहळू चालवत या म्हणाला, जवळच आहे."

हीटर सुरू झाला. भट्टीच्या तोंडाशी बसवल्यासारखं झालं. लाईबा रडकुंडीला आली, "पप्पा, इट्स सो हॉट!" अल्फिया तिला वही घेऊन वारा घालत होती. पण काटा खरंच उतरला. "बघ! बघ उतरला!" उबेद म्हणाला आणि पोरासारखा हसला.

त्याच वेळी डॅशबोर्डाच्या पोटात फट्ट आवाज झाला.

सगळीकडून वाफ सुटली. समोरच्या जाळ्यांतून, खालून, माझ्या पायाकडून. बघता बघता पुढची काच पांढरी फेक झाली. रस्ता गेला. डावीकडून पाण्याचा टँकर चालला होता एवढं मी शेवटचं बघितलं, मग टँकरही गेला, नुसता त्याचा भोंगा राहिला. उबेद हाताने काच पुसत होता, पण ती तेलकट वाफ, पुसली की आणखी माखायची.

"दिसत नाही! काही दिसत नाही!"

"या अल्ला, या अल्ला," मागून अल्फिया. लाईबा किंचाळत होती.

मी पर्समधला टॉवेल काढला, काचेवर घासला. काही उपयोग नाही. मग माझ्या बाजूच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले. ओढणी उडून तोंडावर आली, ती दातात धरली. मला रस्त्याची कड दिसत होती.

"माझ्याकडे घे!" मी ओरडले. "अजून! अजून घे! ब्रेक दाबू नको, मागे ट्रक आहे! हळू. आता घे. आता सरळ. आता थांब! थांब रे!"

चाकं वाळूत गेली. गाडी एक गचका खाऊन उभी राहिली. टँकर भोंगा वाजवत बाजूने गेला आणि त्याच्या वाऱ्याने आमची गाडी हलली.

उबेदने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"उतरा," मी म्हणाले. "आधी सगळे उतरा."

वाळूत उभे राहिलो. गाडीच्या चारी खिडक्यांतून वाफ निघत होती. टॉवेल माझ्या हातातच होता. आणि मग वाऱ्याबरोबर ती वाफ माझ्या तोंडावर आली.

गोड वास.

मी टॉवेल नाकाशी नेला. मग गाडीकडे गेले, खिडकीतून आत तोंड घातलं. परत टॉवेल. परत गाडी.

"अम्मी, मागे हो! पेटेल ती!"

"गप रे." डॅशबोर्डातून माझा वास येत होता. तोच वास. तीन आठवडे ज्याच्यासाठी मी तहानेने मेले, ज्याच्यापायी अल्लासमोर तोंड लपवलं, तो वास ह्या भंगाराचा होता. मी हसायला लागले. हसू थांबेना. मग ते हसू राहिलं नाही, आणि अल्फियाने येऊन मला धरलं.

"ऊन लागलं त्यांना," ती उबेदला म्हणाली. "पाणी आण."

"ऊन नाही," मी म्हणाले. "उबेद, पाणी इथं जातंय. इथं, माझ्या पायाशी. रोज. मी पुसत होते."

"काय? आणि बोलली नाहीस? शिवदासने विचारलं होतं तुला!"

"काय बोलू? की मी गाडीत—"

उबेद माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काही कळलं नाही. पुरुषाला कुठून कळणार? अल्फियाने माझ्या हातातला टॉवेल घेतला, त्याचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"म्हणून रोज धुणं," ती हळूच म्हणाली.

"म्हणून."

"म्हणून पाणी नाही पीत."

मी मान हलवली. तिने टॉवेल घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "तू जा, पेट्रोलपंपावरून शिवदासभाऊंना फोन कर. आम्ही आहोत इथे."

शिवदास पिकअप घेऊन आला. इंजिन थंड होईपर्यंत त्याने बॉनेटला हात लावला नाही. मग पुढच्या दारातून आत घुसून माझ्या बाजूचं कार्पेट उचकटलं. वरचं कापड नुसतं ओलसर होतं, पण खालचा स्पंज असा भरला होता की मुठीत दाबला तर धार लागली.

"सापडलं!" तो ओरडला. "डॅशबोर्डाच्या आत हीटरचं बारकं रेडिएटर असतं, उबेदभाय. इंजिनाचं गरम पाणी त्यात फिरतं, कुलंट मिसळलेलं, म्हणून हा गोड वास. ते कुजलंय. आधी झिरपत होतं, आज हीटर उघडला तर फुटलं. म्हणून खाली पुठ्ठ्यावर काही नाही, सगळं गाडीच्या पोटात! पण त्या दिवशी मी बघितलं तर कोरडं कसं होतं, तेच कळत नाही."

"तू नुसतं वरवर बघितलंस," मी म्हणाले. "स्पंज दाबायचा कोणी?"

अल्फिया खोकली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

नवीन रेडिएटर घालायचं तर सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल, तो म्हणाला, त्यापेक्षा हीटर काढूनच टाकू. इंजिनाकडून हीटरला दोन पाइप जातात. एकातून पाणी जातं, दुसऱ्यातून परत येतं. त्याने दोन्ही सोडवले, एका वाकड्या रबरी नळीने इंजिनाची दोन तोंडं एकमेकांना जोडली, क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, गाडी चालू करून काट्यावर नजर ठेवत उभा राहिला.

"खलास. आता हीटरला पाणीच नाही, तर गळेल काय? बहरीनमध्ये हीटर लागतो कोणाला?"

"मला लागतो," मी म्हणाले. "जानेवारीत."

"चाची, तुम्हाला गरमी कमी आहे का?"

सगळे हसले. मीही. छाती इतकी हलकी झाली होती की मी शिवदासने आणलेली पेप्सीची बाटली एका दमात संपवली. पडवी नाही, मुंग्या नाहीत, माझ्या अंगात सगळं जागच्या जागी आहे.

शिवदास हत्यारं गोळा करायला वाकला, स्पंज बाजूला करताना त्याने तो चाचपला, आणि त्याचं हसू ओसरलं.

"उबेदभाय, फुटलं तेव्हा पाणी उकळतं होतं. ते सगळं इथंच पडलं." तो माझ्या पायाकडे बघत होता. "चाची, तुम्ही तर इथंच बसला होता. भाजलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"काहीच नाही?"

"सांगितलं ना, नाही."

उजव्या पायातला काळा मोजा ओला होता, वाळूने माखलेला. मी त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तसा. त्या पायावर मी मघापासून उभी होते, चालत होते, हसत होते.

अल्फिया वाळूत गुडघ्यांवर बसली. "बसा, अम्मी," ती म्हणाली. मी पिकअपच्या फळीवर बसले. तिने मोजा हळूहळू खाली सरकवला. घोट्यापासून बोटांपर्यंत वरची कातडी फुग्यासारखी उठली होती, आत पाणी, आणि कडेला एके ठिकाणी ती मोज्याबरोबरच निघून आली. लाल मांस दिसत होतं. उबेदने तोंड फिरवलं. शिवदास म्हणाला, "आई गं."

मला दुखत नव्हतं. मी वाट बघितली. आता दुखेल, आता दुखेल. मुंगी चावल्याएवढंही नाही.

तिथूनच दवाखान्यात नेलं. त्याच गाडीतून; काटा मधोमध राहिला. रक्त घेतलं, तपासलं. रक्तात साखर निघाली, भरपूर, आजची नाही, जुनी. डॉक्टरीण केरळची, पोरसवदा. जखमेवर पट्टी बांधून झाल्यावर तिने मला डावा पाय वर घ्यायला सांगितलं. हातात प्लास्टिकची बारीक तार होती. हिंदीत म्हणाली, आँटी, डोळे मिटा, मी तार टेकवली की हां म्हणा.

मी डोळे मिटले. थोडे उघडे ठेवून.

"हां," मी म्हणाले. "हां. हां."

"अम्मी," अल्फिया म्हणाली, "तुम्ही बघताय."

"मी कशाला बघू? मला समजतं."

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि आपला तळहात माझ्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला. माझ्या सुनेने, मला न विचारता. हाताला कांद्याचा आणि साबणाचा वास होता. मी तो हात काढला नाही.

अंधार झाला. उबेद दाराशी उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. वर एसी घरघरत होता. मी कान देऊन, श्वास धरून बसले. बराच वेळ गेला. मधून मधून कागदावर पेनाची खरखर व्हायची. ह्या पोरींना कामाची घाई म्हणून नाही.

"अम्मी?" अल्फिया म्हणाली.

"काय अम्मी? तिला सांग ना, सुरू कर म्हणावं."

माझ्या डोळ्यांवरचा हात आणखी घट्ट झाला.